चौथा कोपरा

३ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

फोनवर आपण दोघी काय बोलतो ते एकदा कुणीतरी लिहून काढायला हवं. तू विचारतेस, जेवलीस का. मी म्हणते, जेवले. मी विचारते, तू जेवलीस का. तू म्हणतेस, हो. मग दोन्हीकडे नुसते श्वास ऐकू येतात आणि बिल मात्र वाढत राहतं. म्हणून पत्र लिहितेय. पत्रात गप्प बसायची सोय नाही.

दादा गेल्यापासून तू फोटोफ्रेमचं दुकान एकटीने उघडतेस, बंद करतेस, एवढंच मला माहीत आहे. चालतंय का, हे विचारलं की म्हणतेस, चाललंय. परवा मात्र तुझ्या तोंडून निसटलं की लोक तयार फ्रेम न्यायला येतात आणि खिशात रोख नाही म्हणून तसेच परत जातात. वहिनी, हे कुठल्या जमान्यातलं दुकान? मी इथे भांड्यांच्या दुकानात दिवसभर गल्ल्यावर बसते. दहातले आठ जण पाकीट उघडतात ते कार्ड काढायलाच. नोटा दिसल्या की आता मलाच नवल वाटतं. तू कार्डाचं मशीन घे. दादाला मी सांगून सांगून थकले. तो गेला, आता तरी ऐक. (असं लिहायला नको होतं, पण लिहिलं. खोडत नाही.)

भाडं थकलं तर घरमालक दुकान ठेवू देणार नाही, आणि दुकान गेलं तर तू दिवसभर त्या घरात काय करणार, याची मला काळजी वाटते. बाकी मला हल्ली काहीच वाटत नाही. भाजी घेते, बसमध्ये चढते, उतरते. रडूसुद्धा येत नाही. आपल्यात काहीतरी कमी आहे की काय, असं वाटायला लागलंय.

आणि हो, आई-बाबांचा फोटो फ्रेम करायला देऊन वर्ष होत आलं. घरचं गिऱ्हाईक म्हणून रांगेत शेवटचं का?

तुझी,
वन्सं


१२ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

अहो-जाहो सोडून आपल्याला कितीतरी वर्षं झाली, तरी पत्राच्या माथ्यावर वन्सं लिहिलं की जरा घर भरल्यासारखं वाटतं.

मशीनचं म्हणशील तर त्यात अडचणी आहेत. एक तर ते लोक प्रत्येक पावतीमागे कमिशन कापतात. आपला धंदा तो केवढा. लाकडाची पट्टी महाग झाली, काच महाग झाली, त्यात आणि हे. शिवाय मशीन बंद पडलं तर गिऱ्हाईक डोक्यावर उभं. पैसे दोन दिवसांनी खात्यात येणार म्हणे, आणि पट्टीवाल्याला मात्र मी हातावर मोजून देणार. तुझे दादा म्हणायचे तेच खरं, आपल्या हातातला पैसा मधल्या माणसाला का चाखायला द्यायचा.

काल आपल्या गल्लीतले दातांचे डॉक्टर आले होते. त्यांच्या पदवीची फ्रेम तयार आहे. त्यांनी कार्ड पुढे केलं. मी म्हटलं, रोखच लागेल. "बरं, उद्या येतो," म्हणाले. गेल्या महिन्यातही उद्याच येणार होते. मला त्याचं वाईट वाटलं नाही. दाढ काढायच्या आधी हे सुई देतात ना, आणि मग गाल आपला असून आपला नसतो, तसं माझं झालंय. डॉक्टरांना विचारणार होते, याचा असर किती दिवस राहतो. पण म्हटलं नको, तेही गंभीर होऊन बसतील.

तुझ्यात काही कमी नाही. मीही रडले नाही. लोकांसमोर थोडं रडल्यासारखं केलं, कारण ते वाट बघत होते.

फोटो व्हायचाय.

तुझी,
वहिनी


१९ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुझं पत्र वाचताना मला वाटलं दादाच बोलतोय. कमिशन, पट्टीवाला, मधला माणूस, सगळं त्याच क्रमाने. एकदा तर मी त्याला कंजूष म्हटलं होतं, तेव्हा हसला आणि म्हणाला, असू दे. तेही मला आवडलं नव्हतं. भांडायला तरी यायचं होतं त्याने.

आता ऐक. कमिशन शेकड्याला दोन-अडीच. फ्रेमची किंमत तेवढी वाढव, कुणी विचारणार नाही. आणि डॉक्टर आलेच नाहीत तर शंभरातले शंभर गेले, ते कुणाच्या खिशात? ही साधी बेरीज तुला कळत नाही, असं मी मानायला तयार नाही. दुकानातल्या काचेचे तुकडेसुद्धा वाया न घालवणारी तू. डॉक्टरांच्या फ्रेममधली पट्टी, काच, पुठ्ठा, सगळ्याचे पैसे तू भरून बसली आहेस, आणि ती भिंतीवर टांगून ठेवली आहेस शोभेला.

मला तुझं काहीतरी वेगळंच चाललंय असं वाटतं. काय ते सांगू नकोस वाटलं तर. मी मशीनच्या कंपनीला फोन करून तुझा पत्ता दिलाय. त्यांचा माणूस येईल. त्याला हाकलू नकोस, चहा दे.

तुझी,
वन्सं

ता.क. "फोटो व्हायचाय" म्हणजे नेमकं काय व्हायचंय? चार पट्ट्या आणि एक काच. लग्न नाही ठरवायचं त्याचं.


६ मार्च

प्रिय वन्सं,

माणूस आला होता. चहा दिला. चांगला आहे बिचारा, बूट फाटलेत पण टाय घट्ट. बसल्या बसल्या म्हणाला, "मी इथे आधी येऊन गेलोय. साहेब कुठे आहेत?" मी सांगितलं. तो उभा राहिला, मग काय करावं ते न कळून पुन्हा बसला.

मग त्याने सांगितलं ते तुला सांगायला हवं. गेल्या वर्षी मी काच आणायला गेले असताना हा येऊन तुझ्या दादांना मशीन दाखवून गेला होता. म्हणाला, साहेबांना फार आवडलं होतं. स्वतः चालवून बघतो म्हणाले. रक्कम टाकायला गेले तर बोट दुसऱ्याच बटणावर पडलं. पुसून पुन्हा टाकली, पुन्हा चुकली. मग त्यांनी उजवा हात डाव्या हाताने धरून दाबून बघितलं. त्यानंतर मशीन त्याच्याकडे सरकवून म्हणाले, नको, कमिशन फार आहे तुमचं.

तो हे सांगत असतानाच भूगोलाच्या बाई आल्या. शाळेतून निवृत्त झाल्यात, त्यांचा एक जुना नकाशा आहे फ्रेमला. बाईंनी पर्समधून नोटा काढल्या. रोख. म्हणाल्या, "तुमचे मिस्टर दोनदा म्हणाले कार्ड चालत नाही, म्हणून यावेळी बँकेतून काढूनच आणले." आणि मी म्हटलं, अजून तयार नाही. बाईंनी माझ्या डोक्यावरून भिंतीकडे बघितलं. त्यांचा नकाशा तिथे टांगलेला होता, सगळ्या नद्यांसकट. नोटा पर्समध्ये ठेवल्या आणि गेल्या. मशीनवाला चहाच्या कपात बघत बसला.

तर आता तुझ्याशी खोटं बोलण्यात अर्थ नाही. कमिशन वगैरे काही नाही. भिंतीवर पाच-सहा फ्रेमा आहेत, त्या त्यांच्या हातच्या शेवटच्या. कार्ड घ्यायला लागले तर त्या जातील. लोकांकडे रोख नसते ही माझी सोय आहे. तुझी बेरीज बरोबर होती, मला उत्तर नको होतं एवढंच.

पण तेवढंच असतं तर मी तुला तेवढंच सांगितलं असतं.

तुला आठवतं ना, त्यांची कोपऱ्याची परीक्षा. फ्रेम जोडली की कागदाचा तुकडा घेऊन चारही कोपऱ्यांच्या सांध्यात घालायचा प्रयत्न करायचे. कागद शिरला की पट्टी फेकून पुन्हा कापायची. मी म्हणायचे, गिऱ्हाईक कागद घेऊन येत नाही हो. ते म्हणायचे, मी आणतो ना. मागच्या महिन्यात एका फ्रेमची धूळ पुसताना कोपऱ्यावरून माझं नख गेलं आणि मऊ लागलं. मेण होतं. खिळ्यांची भोकं बुजवायला आम्ही पट्टीच्या रंगाचं मेण ठेवतो, त्यात नवल नाही. पण हे सांध्यात भरलेलं होतं. सुईने थोडं काढून बघितलं तर आत फट. मग दुसरी फ्रेम बघितली, तिसरी बघितली. सगळ्यांत आहे. त्यांचा हात थरथरत होता, वन्सं. निदान वर्षभर. त्यांना ते माहीत होतं, आणि त्यांनी ते मेणाने बुजवलं. आणि लोक न्यायला आले की सांगितलं, कार्ड चालत नाही. आम्हा दोघांची सबब एकच निघाली.

हॉस्पिटलमध्ये डोक्यातली गाठ सापडली तेव्हा डॉक्टरांनी मला विचारलं होतं, आधी हाताला काही त्रास होता का, थरथर, वस्तू निसटणं. मी त्यांना म्हटलं, "ह्यांचा हात? अहो, ह्यांच्या कोपऱ्यात कागद शिरत नाही." असं अगदी ऐटीत म्हटलं मी.

आता मशीन घ्यायचं म्हणजे ही कामं लोकांच्या घरी जाणार. सगळे कोपरे मी पुन्हा कापून नीट करू शकते, मला येतं. पण मग त्यांचं त्यात काय उरेल? आणि तशीच दिली तर आज ना उद्या मेण वाळेल, गळेल, आणि लोक म्हणतील शेवटी शेवटी काम बिघडलं होतं. मशीनवाला विचार करून सांगा म्हणालाय. घरमालकही येऊन गेला. काय करू ते सांग.

तुझी,
वहिनी


९ मार्च

वहिनी,

पत्र दोनदा वाचलं. एकच विचारायचं आहे. एवढ्याशा खोलीत दिवसभर तुम्ही दोघं. तुला दिसलं नाही?

मशीनचं तुला वाटेल ते कर. फोटोही राहू दे.


२ एप्रिल

प्रिय वन्सं,

उत्तर लगेच लिहिलं नाही, कारण उत्तर छोटं आहे आणि त्यासाठी पाकीट वाया घालवावंसं वाटेना. नाही दिसलं.

आमची टेबलं पाठीला पाठ लावून आहेत, तू बघितली आहेस. ते लाकूड कापायचे, मी काच कापते. काच कापताना मान वर केली की रेघ चुकते आणि पूर्ण काच जाते. मला त्यांच्या करवतीचा आवाज यायचा. हल्ली पट्ट्या जास्त लागतात, असं मी म्हटलंही होतं एकदा. ते म्हणाले, लाकूडच खराब येतंय. मी पट्टीवाल्याशी भांडून आले. खूप भांडले. याहून जास्त माझ्याकडे सांगायला काही नाही. तू विचारलंस ते मी रोजच विचारते, फक्त तुझ्या अक्षरात वाचल्यावर जरा जास्त टोचलं. सुईचा असर उतरायला लागला असेल.

मशीन घेतलं.

मला कुणी पटवून दिलं नाही. भाडं द्यायचं होतं, आणि भूगोलाच्या बाईंसमोर दुसऱ्यांदा खोटं बोलायची हिंमत नव्हती. मशीनच्या कागदांवर सह्या केल्या, मशीनवाला येऊन शिकवून गेला. बटणं खरंच बारीक आहेत.

कोपरे नव्याने कापले नाहीत. एक फ्रेम उघडायला घेतली होती, खिळा अर्धा उपसला, आणि परत ठोकला.

मग मीच बाईंना बोलावलं. तुझे दादा तयार फ्रेम गिऱ्हाइकाच्या हातात कधी देत नसत, समोरच्या खिळ्याला टांगून माणसाला दारात उभं करायचे, घरी जशी दिसेल तशी बघा म्हणून, आणि मग पैसे. तसंच केलं. बाई दारात उभ्या राहिल्या. तिथून कोपरा कुणालाच दिसत नाही. छान झालंय म्हणाल्या. मी मनात म्हटलं, सुटले. पण बाई पडल्या शिक्षिका. चष्मा कपाळावर सरकवून नकाशाला नाक लावायला गेल्या. एका नदीवरून बोट फिरवत फिरवत पार कडेपर्यंत आल्या, तिथून कोपऱ्यावर. बोट थांबलं. "इथे काहीतरी..." म्हणाल्या.

मी म्हटलं, "त्यांनीच केलाय तो. हात चालत नव्हता त्यांचा."

हे मी पहिल्यांदा मोठ्याने बोलले. दुकानात, एका गिऱ्हाइकाला. बाईंनी बोट काढलं नाही. म्हणाल्या, "मग असू दे," आणि पर्समधून कार्ड काढलं. मी म्हटलं, रोख आणली होती ना. तर म्हणाल्या, ती कधीच खर्च झाली. मशीन पीप करून वाजलं, पावती आली. बाई नकाशा काखेत धरून गेल्या आणि भिंतीवर खिळा राहिला.

नंतर दातांचे डॉक्टर येऊन पदवी घेऊन गेले. त्यांनी कोपऱ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. आपली पदवी मात्र तीनदा वाचली.

तू रागावली आहेस तर रागाव. पण जेवलीस का?

तुझी,
वहिनी


१० एप्रिल

प्रिय वहिनी,

जेवले.

मला तुला ते विचारायचं नव्हतं. मला कुणावर तरी ओरडायचं होतं आणि जवळचं असं तूच होतीस. इथे गल्ल्यावर मी कुणावर ओरडू शकत नाही, तिथे मला हसायचा पगार मिळतो. ते पत्र फाडून टाक. फाडलं नसशील, तुला ओळखते. मग निदान माझ्या नजरेला पडणार नाही असं ठेव.

पट्टीवाल्याशी तू भांडून आलीस ते वाचून मला हसू आलं, आणि हसता हसता थांबले. मी पण हेच केलं ना. तो लाकूड म्हणाला, तू लाकडावर भांडलीस. तो कमिशन म्हणाला, मी कमिशनवर भांडले. तासन्‌तास. आकडे काढून. आमच्या घरात आम्हाला असंच बोलता येतं. बाबासुद्धा छातीत दुखलं की म्हणायचे, ही खुर्ची बरोबर नाही.

माणसं आता कार्ड पुढे करतात तेव्हा मी त्यांची बोटं बघते. कुणाचं एखादं बटण चुकलं की मागचे लोक चुळबुळतात आणि मी म्हणते, सावकाश होऊ द्या. हे मी आधी म्हणत नसे.

आता फोटो पाठव. व्हायचाय, राहिलाय, असलं काही ऐकणार नाही. जसा असेल तसा पाठव, नवीन काही कापू नकोस, नीट करू नकोस. मेण असेल तर मेणासकट. आणि पैसे मी देणार. घरचं गिऱ्हाईक म्हणून सूट नको, मशीन घ्यायला लावलंय तर कमिशनही माझ्याकडून घे.

तुझी,
वन्सं


२४ एप्रिल

प्रिय वन्सं,

फोटो पार्सलने पाठवला आहे. काचेला पुठ्ठा लावलाय, तरी उघडताना जपून.

भिंतीवरचं सगळं गेलं. हा एकच मागे होता, त्यांच्या टेबलाखाली, कापडात गुंडाळून. मी तुला व्हायचाय लिहीत होते ते खोटं नव्हतं. त्यांनी हा कितीदा सोडवून पुन्हा जोडलाय, ते मागच्या खिळ्यांच्या भोकांवरून कळतं. तीन कोपरे बसलेत. म्हणजे अगदी पहिल्यासारखे बसलेत, कागद घालून बघितला, शिरत नाही. चौथा उघडा आहे. फ्रेममध्ये आधीची चूक सगळी शेवटच्या कोपऱ्यात येऊन जमते, त्याला इलाज नसतो.

त्या कोपऱ्यात मेण नाही. बाकीच्या सगळ्यांत भरलं, यात भरलं नाही. मेणाची कांडी शेजारीच होती. मला वाटतं, आई-बाबांच्या फोटोत आणि तुझ्याशी त्यांना बनवाबनवी करायची नव्हती. किंवा तोवर दवाखान्यात जायची वेळ आली असेल. दोन्हीतलं काय, ते आता कोण सांगणार. तू म्हणालीस म्हणून मी हात लावलेला नाही. एक चांगला खिळा मागून ठोकलाय तेवढा, सुटू नये म्हणून.

आता लाकूडही मीच कापते. माझा पहिला कोपरा बघून तू हसली असतीस. पट्टी फेकली. दुसरा जरा बरा. मेणाच्या कांडीवर त्यांच्या अंगठ्याचा खळगा पडलाय, म्हणून खिळ्यांच्या भोकांना दुसरी कांडी आणली आहे.

पैसे राहू देत. तू इथे ये, दारात उभी राहून दुकान बघ, मग ठरवू.

तुझी,
वहिनी


५ मे

प्रिय वहिनी,

पार्सल काल मिळालं. दारासमोरच्या भिंतीवर खिळा ठोकला, फोटो टांगला, आणि दाराबाहेर जाऊन उभी राहिले. शेजारच्या बाईंना वाटलं माझी किल्ली हरवली. तिथून सगळं सरळ दिसतं. आई नेहमीसारखी कॅमेऱ्यावर रागावलेली, बाबा त्यांच्या खुर्चीत.

मग जवळ गेले. कागद घेऊन. तीन कोपऱ्यांत शिरला नाही, तू म्हणतेस तसं. चौथ्यात शिरला, पण हलत राहिला, फट त्याहून मोठी आहे. हाताशी पर्स होती, त्यातलं कार्ड काढून घालून बघितलं. बरोबर बसलं. ढिलं नाही, घट्ट नाही, जणू मापाने कापलं असावं असं.

वहिनी, मला माहीत नाही काय झालं, मी तिथेच भिंतीशी खाली बसले आणि रडले. तो त्या बारक्या खोलीत उजवा हात डाव्या हाताने धरून पट्टी कापत असेल, आणि मी फोनवर त्याला शेकडा दोन-अडीच सांगत होते. मोठ्याने रडले. शेजारच्या बाई खरंच येऊन विचारून गेल्या, किल्ली सापडली का.

शनिवारच्या गाडीने येते आहे. दोन ताटं वाढ, आणि जेवलीस का असं विचारू नकोस, समोर बसूनच बघ.

कार्ड अजून तिथेच आहे. काढायला हात होत नाही. भाजीपुरती रोख आहे माझ्याकडे.

तुझी,
वन्सं